अनुदान मिळालं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं

माझा संशोधन प्रकल्प मंजूर झाल्याचं कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलं, तेव्हापासून ओळखीतल्या प्राध्यापकांचे निरोप येतात. "मॅडम, तुमचा प्रस्ताव पाठवाल का? नुसता नजरेखालून घालतो." पाठवते मी. पण ती पीडीएफ वाचून फारसं हाती लागत नाही. मीही लिहायला बसण्याआधी अशा पीडीएफ मागून वाचल्या होत्या. त्यात शेवटचा, इस्त्री केलेला मजकूर असतो. काय काय खोडलं, कुठला खर्च का घातला, कॉलेजच्या ऑफिसात काय काय जमवावं लागलं, यातलं काही नसतं. ते इथे लिहिते.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, राहते ऐरोलीला. आठवड्याला १६ तास वर्गावर, शिवाय परीक्षा, केंद्रीय मूल्यांकनाची (कॅप) पेपरतपासणी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या फायली. आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीच्या एका बैठकीत नॅकच्या तिसऱ्या, संशोधनाच्या निकषाचा विषय निघाला. बाहेरून निधी आलेल्या प्रकल्पांच्या रकान्यात आमच्या शाखेपुढे शून्य होतं. प्राचार्य म्हणाले, "कोणीतरी मनावर घ्या." सगळे एकदम आपापल्या वहीत काहीतरी लिहू लागले. मी "बघते" म्हणाले, आणि मिनिट्समध्ये माझं नाव गेलं.

कुठे अर्ज करायचा, हे आमच्या बाबतीत लवकर ठरलं. पूर्वी यूजीसीचे लघु आणि बृहत् प्रकल्प असायचे, ते बंद झाले. विज्ञानवाल्यांसाठी आधी एसईआरबी हे केंद्राचं निधी देणारं मंडळ होतं. २०२३च्या कायद्याने त्याच्या जागी एएनआरएफ आलं. तिथे कॉलेजच्या शिक्षकांनी मोठ्या संस्थेतल्या प्रयोगशाळेशी जोडून घेऊन काम करण्याची 'टेअर' नावाची योजना आहे. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांचा डोळा तिच्यावर आहे. कला-वाणिज्यवाल्यांना दोनच वाटा जवळच्या: मुंबई विद्यापीठाचा मायनर प्रोजेक्ट, ज्यात रक्कम छोटी पण सवय होते, आणि दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. तिचा लघु प्रकल्प त्या वेळी ६ लाखांपर्यंतचा आणि वर्षभराचा होता. मी तोच धरला. एक गोष्ट सुरुवातीलाच तपासून घ्या: तुमचं कॉलेज यूजीसीच्या १२(ब) यादीत, म्हणजे केंद्राच्या अनुदानाला पात्र कॉलेजांच्या यादीत आहे का आणि त्याचं पत्र ऑफिसात सापडतं का. आमचं पत्र होतं, पण ते कुठल्या कपाटात आहे हे फक्त निवृत्त झालेल्या हेडक्लार्कना माहीत होतं. त्यांना घरी फोन करून विचारावं लागलं.

विषय माझ्या दारातलाच होता. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. १९८४च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मला पाहायचं होतं त्यानंतरचं. शेती गेली, मिठागरं गेली, खाडीतली मासळी घटली. गावठाणात घरावर मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. ज्यांना सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात, त्यांच्यावर आज कितीतरी कुटुंबं चालतात. या भाड्याच्या अर्थकारणावर मला लिहायचं होतं.

मला शिकवलेले एक निवृत्त सर आता डोंबिवलीला असतात. त्यांच्याकडे कच्चा आराखडा घेऊन गेले. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "९५ गावं? एका वर्षात?" मग चहा येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, "तुझा प्रश्न काय आहे ते एका वाक्यात सांग. वाक्यात 'आणि' यायला नको." तासभर बसूनही ते वाक्य जमलं नाही. सरांनी आराखडा परत दिला आणि सांगितलं, "आधी गावात जाऊन बस. प्रश्न तिथे मिळेल. ग्रंथालयात मिळतात त्या प्रश्नांवर आधीच कोणीतरी लिहिलेलं असतं."

मे महिन्याची सुट्टी त्यात गेली. ट्रान्स-हार्बरवर घणसोली, कोपरखैरणे, रबाळे अशी उतरायचे, उन्हाच्या आधी गावठाणात शिरायचे. सुरुवातीला कुठेही आकडा मिळेना. भाडं किती येतं विचारलं की "येतंय थोडंफार" आणि विषय दुसरा. एका ताईंनी सरळ विचारलं, "तुमी सिडकोच्या का महापालिकेच्या?" त्यांचं बरोबर होतं. ज्या घराचा कागद अजून पक्का नाही, त्यातल्या खोल्यांचा हिशेब अनोळखी बाईला कोण देईल?

गोठिवलीत एका काकूंच्या ओट्यावर मी अशीच पाणी पीत बसले होते. दुपारची वेळ. एक भाडेकरू भाडं द्यायला आला. काकू आत गेल्या आणि फ्रिजवरची दोनशेपानी वही घेऊन आल्या. प्रत्येक खोलीला वेगळं पान. वर खोलीचा नंबर, खाली 'कारपेंटर' किंवा 'नर्सबाई' अशी ओळख, अनामत रक्कम, मग महिन्यांच्या ओळी. प्रत्येक ओळीत भाडं, पाण्याचे पैसे, सबमीटरचं मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोन्हींची वजाबाकी. शेवटी भाडेकरूची सही. काकूंनी नोटा दोनदा मोजल्या, वहीत लिहिलं, चष्मा काढला, आणि पैसे आतून आलेल्या मुलाच्या हातात दिले. तो ते खिशात घालून बाहेर पडला. काकूंनी वही परत फ्रिजवर ठेवली.

सरांना हवं असलेलं वाक्य रबाळे स्टेशनवर गाडीची वाट बघत लिहिलं: गावठाणातल्या घरभाड्याचा हिशेब ज्या बायका ठेवतात, त्या भाड्याच्या खर्चाचा निर्णय कोण घेतं? ९५ गावांची चार गावं झाली. भाड्याची रक्कम हा मुख्य प्रश्न राहिला नाही, त्यामुळे लोकांची भीतीही अर्धी कमी झाली. वही कोण लिहितं, पैसे कोणाकडे जातात, अनामत कोणी खर्च केली, नवा भाडेकरू ठेवायचा की नाही हे कोण ठरवतं. असं विचारलं तर बायका बोलतात, कधी कधी थांबवावं लागतं इतक्या.

लिखाण पावसाळ्यात झालं. संदर्भांसाठी शोधगंगेवर नवी मुंबईवरचे प्रबंध चाळले आणि शनिवारी कलिन्याला विद्यानगरीत जाऊ लागले. तिथे जे. पी. नाईक भवनात परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, ग्रंथालयही आहे. ठाण्याहून कुर्ला आणि पुढे रिक्षा. ही परिषद १९६९ची. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. 'दिल्लीची संस्था, आपल्याला कुठे उभं करणार' असं स्टाफरूममध्ये ऐकू येतं, तेव्हा मला ही दोन नावं आठवतात.

प्रस्ताव इंग्रजी किंवा हिंदीत लागतो. मी इंग्रजीत लिहिला. शिकवते मराठीत आणि इंग्रजीत, पण विचार मराठीतच येतो. मी आधी सगळं मराठीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मग ऐकत ऐकत लिहिलं. वाक्यं छोटी आली. ते बरंच झालं.

आता खर्च. बहुतेक जण हा भाग शेवटच्या रात्री भरतात, आणि माझ्या मते सगळ्यात आधी वाचला जाणारा भाग हाच असतो. त्या वेळच्या सूचनांप्रमाणे संशोधन सहायकांवर जास्तीत जास्त ४५ टक्के, क्षेत्रकार्यावर ३५, उपकरणं आणि पुस्तकांवर १०, किरकोळ ५, अहवालाच्या प्रकाशनाला ५. मी एकूण ५ लाख ८० हजार मागितले. आकडा वरून उतरवला नव्हता, खालून चढवला होता. चार गावं, प्रत्येकी साठ कुटुंबं, म्हणजे २४०. प्रत्येक घरी दोन भेटी, पहिली ओळख आणि संमतीची, दुसरी माहितीची. बायकांना मोकळा वेळ दुपारी जेवण आवरल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत, त्यामुळे माहिती गोळा करणाऱ्या एका मुलीच्या दिवसाला दोन भेटी होतात, जास्त नाही. दोन क्षेत्र अन्वेषक घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १२० घरं, २४० भेटी, १२० दिवस. महिन्याचे पंचवीस दिवस धरून पाच महिने, वर एक महिना प्रशिक्षण आणि याद्यांचा. महिना २० हजारांनी दोघींचे सहा महिने म्हणजे २ लाख ४० हजार. ४५ टक्क्यांच्या मर्यादेत उरलेले वीस हजार डेटा एंट्रीला.

हे गणित मी तक्त्याखाली सविस्तर लिहिलं. सरांनी त्यातही एक गोष्ट काढली. मी प्रवासासाठी टॅक्सी लिहिली होती, कारण एका पीडीएफमध्ये तशी होती. "ठाणे ते घणसोली टॅक्सी? तुला तरी पटतंय का?" तिथे रेल्वेचा पास आणि रिक्षा आली. वाचलेले पैसे घरांच्या याद्या करण्यासाठी आणि गावातल्या महिला मंडळांच्या बैठकांसाठी गेले.

आणखी एक परिच्छेद घातला, जो कुठल्याच नमुन्यात नव्हता: लोक माहिती नाकारतील तर काय. घरं नियमित झालेली नाहीत म्हणून भीती का आहे, आम्ही घराचा नंबर आणि पत्ता नोंदवणार नाही, वहीचा फोटो काढणार नाही, संमतीपत्र मराठीत वाचून दाखवू, एवढं असूनही एखाद्या गावात नकार जास्त आले तर पर्यायी गाव कोणतं, हे सगळं अर्ध्या पानात. अडचण लपवून ठेवली तर परीक्षक ती शोधतोच. आपणच सांगितली तर निदान उत्तरही आपलंच राहतं.

सप्टेंबरात ऑनलाइन अर्ज भरला, पण त्याची छापील प्रत अग्रेषण पत्रासह दिल्लीला अरुणा असफ अली मार्गावर पाठवायची होती. अग्रेषण पत्र म्हणजे प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. गणपतीच्या सुट्ट्या, मग विद्यापीठाची समिती, मग प्राचार्य रजेवर. इथे एक युक्ती उपयोगी पडली. मंजूर रकमेच्या वर संस्थेला ५ टक्के ओव्हरहेड, म्हणजे तिच्या प्रशासकीय खर्चाचे पैसे मिळतात, ही ओळ मी पिवळ्या मार्करने रंगवून पत्रासोबत ठेवली. सही त्याच दिवशी झाली. झेरॉक्स, स्पायरल आणि ठाण्याच्या मुख्य पोस्टातलं स्पीडपोस्ट मिळून हजाराच्या आसपास गेले. स्पीडपोस्टची पावती स्कॅन करून ठेवा. कागद तीन महिन्यांत कोरा होतो.

मग वाट बघणं. दिवाळी गेली, सहामाही परीक्षा गेल्या. पहिला महिना रोज वेबसाइट उघडायचे, मग आठवड्याने, मग विसरले. जानेवारीत मेल आला की ऑनलाइन सादरीकरण आहे, दहा मिनिटं. दोन गोष्टी विचारल्या गेल्या. पहिली: बायका खरं बोलतील कशावरून? मी गोठिवलीच्या वहीचा प्रसंग सांगितला, गाव आणि नाव न घेता, आणि प्रश्नावलीत रक्कम का विचारत नाही ते सांगितलं. दुसरी: दोन भेटींऐवजी एकीत भागणार नाही का? त्यावर खर्चाच्या तक्त्याखालचं गणित उलटं करून दाखवलं. एक भेट केली तर पैसे वाचतात, पण घाईत मिळालेलं उत्तर बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं असतं. पलीकडून कोणीतरी "ठीक है" म्हणालं आणि स्क्रीन बंद झाली. त्या दोन शब्दांचा अर्थ मी आणि माझा नवरा रात्री उशिरापर्यंत लावत बसलो.

मार्चमध्ये मंजुरीचं पत्र आलं: ४ लाख ५० हजार. आनंद झाला आणि लगेच कॅल्क्युलेटर काढला. सुधारित अंदाजपत्रक मागितलं होतं. अशा वेळी सगळ्या ओळी थोड्या थोड्या छाटल्या जातात आणि शेवटी कुठलंच काम धड होत नाही. मी एक गाव सोडलं. तीन गावं, १८० कुटुंबं, प्रत्येकीला ९० घरं, ९० दिवस, म्हणजे सुमारे चार महिने आणि वर एक. दोघींचे पाच महिने २ लाख. ४५ टक्क्यांची मर्यादा आता २ लाख अडीच हजार होती, त्यात बसलं. डेटा एंट्री माझ्याकडे आली. दोन भेटींना हात लावला नाही.

इथून पुढे ज्याची कल्पना कोणी दिली नव्हती तो भाग. पैसे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून येतात, त्यासाठी कॉलेजची तिथे नोंदणी हवी, आणि बँक खात्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आमच्या पासबुकात संस्थेचं नाव एका स्पेलिंगने आणि नोंदणीत दुसऱ्या. त्यात एप्रिल संपला. करारनामा स्टँपपेपरवर करायचा होता. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० रुपयांचा लागतो, जुनी माहिती धरून शंभराचा घेऊन जाऊ नका. प्रकल्पासाठी वेगळं बचत खातं उघडा. व्याज पडतं, ते आपलं नसतं, हिशेबात दाखवून परत करायचं असतं; सगळं एका खात्यात असेल तर ते व्याज वेगळं काढताना अकाउंटंट तुमच्याशी बोलायचे बंद होतील.

पहिला हप्ता ४० टक्क्यांचा, १ लाख ८० हजार, जूनमध्ये जमा झाला. क्षेत्र अन्वेषकांसाठी जाहिरात, निवड समिती, मुलाखती, सगळं कागदोपत्री. दोघी मुली नवी मुंबईतल्याच मिळाल्या. एक आगरी घरातली. तिच्यामुळे गावातली निम्मी दारं उघडली, कारण पहिल्या पाच मिनिटांत कोणाची कोण हे निघायचंच. लॅपटॉपसाठी तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या, मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद. पुस्तकांना ग्रंथालयाचा दाखल क्रमांक. रिक्षाच्या पावत्या मिळत नाहीत. आम्ही रोजच्या प्रवासाचं व्हाउचर छापून घेतलं, तारीख, कुठून कुठे, रक्कम, सही. ही साधी गोष्ट पहिल्या दिवसापासून ठेवलीत तर वर्षाअखेरीला रडू येत नाही.

दुसरा ४० टक्क्यांचा हप्ता मिळायला प्रगती अहवाल आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागलं. ते जीएफआर १२-ए या सरकारी वित्तीय नियमांतल्या नमुन्यात, सोबत खर्चाचा तक्ता, सनदी लेखापालाची सही. आणि हे आधी कळून नियोजन करणं फार गरजेचं आहे: शेवटचे २० टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत ९० हजार, अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावर येतात. तोवर खर्च झालेला असतो. मी मुलींचं मानधन पहिल्या दोन हप्त्यांत बसवलं आणि छपाई, ऑडिट फी, शेवटच्या गावबैठका मागे ठेवल्या. त्यांच्यासाठी संस्थेने आगाऊ रक्कम द्यावी असा व्यवस्थापनाचा ठराव आधीच करून घेतला. ठराव तोंडी घेऊ नका.

गोठिवलीच्या काकूंच्या घरी पुन्हा गेले नाही. ते गाव नमुन्यात न घेण्याचं ठरवलं होतं, कारण प्रश्नच तिथून आला होता. नमुन्यातल्या तीन गावांत काय सापडलं ते अहवालात आहे, आणि एक निबंध तपासणीत आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

अंतिम अहवाल साधर्म्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही याच्या दाखल्यासह गेला. परीक्षकाने दोन तक्ते वेगळे मांडायला सांगितले, तेही करून पाठवले. शेवटचा हप्ता अजून यायचाय. आमचे अकाउंटंट दर सोमवारी जिन्यात गाठतात, "मॅडम, दिल्लीचं काही?" मी पीएफएमएस उघडून त्यांच्यासमोरच बघते. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना तेवढ्यात विचारायचं असतं की त्यांच्या अर्जाला १२(ब)चं पत्र लागेल का. ते आता माझ्या कपाटात आहे, दुसऱ्या खणात, झेरॉक्ससकट.